बारा महिने हिरवंगार

नाही, पण मला एक सांगा, मेलेल्या झाडाला कुणी पाणी घालतं का? घालतात! बादल्या-बादल्या घालतात! सकाळी सहाला, कानटोप्या घालून, रांग लावून! आणि वर मला विचारतात... कुणाला? मला! चोवीस वर्षं या शहरातल्या बागा आणि रस्त्यावरची झाडं सांभाळतोय मी, बागखात्याचा मुकादम, हाताखाली अकरा माळी, रोपाचं नुसतं पान बघून सांगतो की याला काल पाणी मिळालंय की नाही... त्या मला विचारतात, "जावईबुवा, तुम्हाला झाडांतलं काय कळतं?" मेलंय हो ते झाड! तीन वर्षांपूर्वी मेलंय! पण ऐकतंय कोण? आता जावईबुवा म्हणणारं माणूस कोण ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माझे सासरे. त्यांच्यावर येतो मी, जरा दम धरा.

तुम्हाला सांगतो, जिवंत झाडाचं या शहरात कुणाला काही पडलेलं नाही. रोज सकाळी माझ्या टेबलावर अर्जांचा ढीग, आणि सगळे अर्ज एकच, तोडा! परवा एक चष्म्याचा दुकानदार आला. "अहो मुकादम, त्या झाडापायी माझी पाटी दिसत नाही, मधल्या तीन फांद्या तेवढ्या काढून द्या." म्हटलं, साहेब, मधल्या तीन काढल्या तर राहतो फक्त बुंधा. "मग बुंधा तरी कशाला ठेवता?" म्हणे! एक बाई आल्या, त्यांच्या गाडीवर पक्षी घाण करतात. "झाड तुमचं, मग पक्षीही तुमचेच. माणूस पाठवा आणि गाडी पुसून द्या." मी म्हटलं, बाई, पक्षी आमच्या खात्याकडे येत नाहीत. "मग कुठल्या खात्याकडे येतात? नंबर द्या!" घ्या! कुणी बुंध्याला खिळे ठोकतं, कुणी गळ्यापर्यंत फरशी बसवतं, कुणी मुळाशी कपडे धुतल्याचं पाणी ओततं, आणि झाड वाळलं की पुन्हा मलाच फोन, "तुमचं लक्ष कुठे असतं?" हे जिवंत झाडांचं. आणि मेलेलं एक झाड तोडतो म्हटलं, एकच हो, तर एकशे चाळीस माणसं त्याला मिठ्या मारायला धावली!

आता तुम्ही विचाराल, मेलेलं झाड आणि एवढं प्रेम कसं? कारण ते हिरवं आहे. आणि मेलेलं झाड हिरवं कसं? इथे... इथे माझी जीभ जरा अडते. पण तुमच्यापासून काय लपवायचं?

तीन वर्षांपूर्वी आमच्या मोठ्या बागेच्या फाटकाशी केबल टाकायला चर खणला. खणणाऱ्यांनी केबल टाकली आणि जाता जाता फाटकासमोरच्या मोठ्या झाडाची अर्धी मुळं कापून गेले. झाड दोन महिन्यांत वाळलं. खडखडीत! तोडायची परवानगी काढायला किती दिवस? आठ महिने! पंचनामा, नोटीस, हरकती, सुनावणी... आणि इकडे पाच महिन्यांवर आली उद्यानांची स्पर्धा. साहेबांनी मला बोलावलं. आमच्या साहेबांची बोलायची पद्धत अशी, डोळे फायलीत आणि शब्द दाताखाली. "मुकादम, फाटकातून आत पाऊल टाकलं की समोर सांगाडा. परीक्षक काय म्हणतील? काहीतरी करा." म्हटलं, काय करू साहेब? "ते मी कशाला सांगू? मला कळलं तर मला नाही म्हणावं लागेल."

मग केलं काहीतरी. कुंपणाच्या भिंतीवर चढवतात ना, जाड पानांचा वेल, तो लावला चारी बाजूंनी. माझ्याच हाताने! खत घातलं, पाणी घातलं, सुतळीने बांधून बांधून वर चढवला. आणि मेला काय चढला हो! शेंड्यापर्यंत! ताटाएवढी पानं! बुंधा दिसेना, फांदी दिसेना, नुसतं हिरवंगार. परीक्षक आले, मान वर करून बघतच राहिले. "वा! या वयात काय तजेला आहे!" साहेब म्हणाले, "आम्ही विशेष काळजी घेतो." मिळाली ढाल! वर झाडाला पत्र्याची पाटी लागली, 'आदर्श वृक्ष'. मेलेल्याला! मी विचार केला, असू दे, स्पर्धा झाली, आता गुपचूप तोडू. फाईल पाठवली. फाईल परत आली. वर शेरा, 'आदर्श वृक्ष तोडण्याचे प्रयोजन काय?' आता काय उत्तर देणार मी? मेलंय म्हणावं तर लपवलं कुणी? मी! बसलो गप्प. तीन वर्षं बसलो, आणि तीच चूक, दुसरी नाही.

आता सासऱ्यांवर येतो. माझे सासरे लिफ्ट इन्स्पेक्टर होते. पस्तीस वर्षं इमारतींच्या लिफ्टा तपासून दाखले दिले. काय पडतं आणि काय पडत नाही, हे या जगात फक्त त्यांना कळतं. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी त्या झाडाखालच्या बाकावर बसतात. सोबत दोन मित्र. एक 'हो ना', म्हणजे कुणी काहीही बोललं की ते म्हणतात, हो ना. आणि दुसऱ्यांना ऐकू येत नाही, त्यांना आम्ही म्हणतो 'मोठ्याने बोला'. तिघांचा त्या झाडावर जीव. का माहितीय? पानं गळत नाहीत! "जावईबुवा, गुणी झाड आहे हो. शेजारचं बघा, निम्मं वर्ष कचरा. हे बारा महिने हिरवंगार! एक पान खाली टाकत नाही." "हो ना." अहो, टाकेल कशाला? त्याचं पान आहेच कुठे? मेलंय हो ते झाड!

पण हे मी मनात म्हणायचो. मोठ्याने म्हणायची वेळ आली या वर्षी. एक दिवस सहज म्हणून वेल बाजूला करून बुंध्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला... मुठीपर्यंत आत गेला. मुठीपर्यंत! आत वाळवी, सगळा भुसा. आणि झाड झुकलंय कुठे? बाकावर! आणि बाकावर कोण? माझ्या बायकोचा बाप! त्या रात्री मला झोप नाही हो आली. डोळे मिटले की तो बाक.

दुसऱ्या दिवशी गेलो. म्हटलं, बाबा, इथे बसू नका, झाड पोकळ आहे. "कशावरून?" म्हटलं, ऐका. लाकडी हातोडा घेतला आणि बुंध्यावर मारला. ढब्ब! ढोल वाजावा तसा ढब्ब! सासऱ्यांनी डोळे मिटून ऐकलं. "किती भारदस्त आवाज आहे!" "हो ना." "काय म्हणाला?" "भारदस्त आहे म्हणाला!" "कोण?" "झाड!" मी तिथेच डोक्यावर हात मारला.

मग रीतसर मार्ग. झाडावर नोटीस चिकटवली, 'सदर वृक्ष तोडणे प्रस्तावित आहे, हरकत असल्यास कळवावे.' आजवर कधी एक हरकत आली असेल तर शपथ! चोवीस वर्षांत जिवंत झाडांच्या किती नोटिसा लावल्या, कुत्रं वाचायला थांबलं नाही. आणि इथे एका आठवड्यात एकशे चाळीस सह्या! वृक्षप्रेमी समिती! अध्यक्ष कोण? सासरे. पहिली सही सासऱ्यांची, आणि दुसरी... दुसरी कुणाची असेल? आमच्या हिची! मी कागद घेऊन घरी आलो, म्हटलं, अगं, हे काय? तर भाजी निवडता निवडता मान वर न करता म्हणते, "बाबांनी कागद पुढे केला, मी नाही कसं म्हणू?" म्हटलं, अगं, ते झाड तुझ्या बाबांच्याच डोक्यावर पडणार आहे! "मग तुम्ही इतकी वर्षं काय करत होता?" यावर माझ्याकडे उत्तर होतं. पण ते सांगण्यासारखं नव्हतं. आणि त्या सह्यांमध्ये पंधरावी सही त्या चष्मेवाल्याची! "झाडे हीच शहराची फुप्फुसे," असं खाली लिहून!

म्हटलं, ठीक आहे, माझं ऐकत नाही ना, झाडाचंच ऐका. एका दुपारी कुणी नाही असं बघून वेलाचं खोड मुळाशी कापून टाकलं. उन्हाचे दिवस, दहा दिवसांत पानं माना टाकतील, आतला सांगाडा दिसेल, लोकांना कळेल. झालं काय? पानं पिवळी पडली आणि शहरभर बोंब, झाडावर विषप्रयोग! सासरे घरी आले, चप्पलही काढली नाही, उंबऱ्यातूनच, "जावईबुवा, हे तुमच्या खात्याचं काम आहे, मला ठाऊक आहे. पण आम्ही त्याला जगवणार." आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू झाल्या बादल्या! वीस-वीस माणसं! एकाने घरून नळी आणली. कुणी ताक ओतलं! एक आजी येऊन बुंध्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "बरा हो लवकर." मेलंय हो ते झाड! आणि पाण्याने होतं काय, तर कुजलेल्या मुळांभोवतीची माती मऊ. मी रोज दोरीला दगड बांधून झुकाव मोजायचो. एका आठवड्यात चार बोटं! जगवता जगवता लोक ते झाड स्वतःच्याच डोक्यावर पाडून घेत होते, आणि मी गुन्हेगार!

बरं, झाड माझ्या हातात नाही, पण बाक? बाक तर खात्याचा! दोर बांधला. सासरे दोराखालून वाकून आत. "लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला माणूस मी, सुतळी बघून थांबेन?" मग मी बाकाला रंग दिला. 'रंग ओला आहे' पाटी लावली. तिघं आले, बाकाकडे बघितलं, निघून गेले. वाटलं, जमलं! दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा रंग दिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. माझे माळी कुजबुजायला लागले, मुकादमांना काय झालंय, एकाच बाकाला रोज हिरवा रंग. पाचव्या दिवशी बघतो तर... तिघंही तिथेच! घरून घडीच्या खुर्च्या आणलेल्या! सासऱ्यांची तर नवीकोरी, पाठीला जाळी, हाताशी ग्लास ठेवायला खोबण. "जावईबुवा, तुमचा रंग वाळेस्तोवर वाट कोण बघणार?" "हो ना."

आणि मग तो वाऱ्याचा दिवस आला. सकाळपासून वारा सुटलेला, बागेतली सगळी झाडं डोलताहेत, आणि ते मात्र डोलत नव्हतं. कुरकुरत होतं. मी फाटकातून आत आलो तर बुंध्याशी मातीला भेग पडलेली, माझा हात जाईल एवढी. आणि खाली तिघं खुर्च्यांत! तसाच धावलो. ओरडलो, "बाबा, उठा!" "बसा हो जावईबुवा, काय छान वारा सुटलाय." "बाबा, हात जोडतो!" "हे तुमचं रोजचंच आहे." काय करू? पाया पडून उठणार नाहीत, रडून उठणार नाहीत... आणि एकदम माझ्या तोंडून निघून गेलं, "तो वेल मी लावलाय!"

सासऱ्यांनी मान वळवली. "काय लावलंय?" "वेल! हे झाड तीन वर्षांपूर्वी मेलं, ते झाकायला मी वेल लावला! ढाल खोटी! आदर्श वृक्ष खोटा! पाटी खोटी! परीक्षकांना फसवलं, तुम्हाला फसवलं, हिंमत असेल तर चला साहेबांकडे, आत्ताच्या आत्ता, लिहा माझी तक्रार!" आणि सासरे उठले! झाड डोक्यावर पडतंय याचं काही नाही, पण खोटा दाखला? पस्तीस वर्षं दाखले देणाऱ्या माणसापुढे खोटा दाखला? चेहरा लालभडक. "चला! सरळ चला! नात्याचा मुलाहिजा ठेवणार नाही मी!" म्हटलं, ठेवू नका, पण भरभर चला! 'हो ना' म्हणाले, "हो ना," आणि तेही निघाले. माळ्यांना खूण केली, फाटक लावा, आत कुणाला सोडू नका. आणि वीस पावलं गेल्यावर मागे बघतो तर... 'मोठ्याने बोला' अजून तिथेच! डोळे मिटून! त्यांना यातलं काही ऐकूच आलेलं नाही! धावलो, हाका मारायला वेळ नव्हता, खुर्चीसकट उचलला त्यांना. ऐंशी वर्षांचा माणूस, कवेत घेऊन पळतोय मी, आणि ते माझ्या कानात ओरडताहेत, "कुठे? कुठे चाललोय आपण?" म्हटलं, माझी तक्रार करायला!

ऑफिस दोन गल्ल्या सोडून. साहेबांपुढे सासऱ्यांनी खिशातून पेन काढलं आणि सुंदर अक्षरात तक्रार लिहायला घेतली. नातं काय आहे ते पहिल्याच ओळीत, 'दुर्दैवाने माझे जावई'. साहेबांचे डोळे पहिल्यांदा फायलीतून वर आले. "वेल? कसला वेल? मला कुणी कळवलं नाही!" दुसरं पान चालू होतं, एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी उचलला. "हो... काय?... पडलं?... कुठे?... बाकावर?" सासऱ्यांचं पेन थांबलं. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. थोड्या वेळाने पुन्हा लिहायला लागले. मी वाकून वाचलं. 'ताजा कलम: सदर झाड आत्ताच पडले आहे.'

परत आलो. झाड आडवं, बाक मधोमध दुमडलेला, माझ्या पाच हात रंगासकट. बुंधा फुटून आतला भुसा रस्ताभर. सासरे आडव्या फांद्यांपर्यंत गेले. मग वाकून फांदीखाली हात घातला आणि त्यांच्या खुर्चीची वाकडी दांडी ओढून काढली. "नवी होती," म्हणाले. एवढंच. पण हात माझ्या खांद्यावर ठेवला, आणि फाटकापर्यंत काढला नाही हो. मला रडू आलं. मी तिकडे तोंड करून नाक शिंकरलं. वाचले हो माझे सासरे! आता वाटलं, सुटलो.

सुटलो? चार दिवसांत मला मेमो! 'धोकादायक वृक्ष वेळीच न तोडल्याबद्दल खुलासा करावा.' न तोडल्याबद्दल! त्या एकशे चाळीस जणांना मेमो नाही, केबलवाल्यांना नाही, साहेबांना नाही, मला! आणि लोक? लोक म्हणतात, इतकं पाणी घातलं तरी गेलं, म्हणजे मुकादमाने मुळाशी काहीतरी केलं असणार. चष्मेवाला येऊन विचारून गेला, "आता पडलेलं झाड कापायला एवढी मशीन आणलीच आहे, तर माझ्या तीन फांद्या?"

आणि कबुली दिल्याची शिक्षा वेगळी. त्याच जागी नवीन रोप लावायचं, वृक्षप्रेमी समितीच्या देखरेखीखाली. लावलं. गुडघ्याएवढं रोप. आता गुडघ्याएवढ्या रोपाखाली माणूस बसणार कसा? म्हणून समिती बसते माझ्या घरी. रोज सकाळी साडेसहाला, माझ्या हॉलमध्ये, तिघं! माझ्या खुर्चीत सासरे, माझ्या पेपरात 'हो ना', आणि 'मोठ्याने बोला' असल्यामुळे सगळी चर्चा मोठ्याने. ही चहा करतेय, खूश आहे, बाबा डोळ्यांसमोर आहेत. काल न राहवून मी हात जोडून विचारलं, बाबा, हे असं कधीपर्यंत?

"रोपाची सावली पडायला लागली की जाऊ तिकडे. किती लागतील?"

काय सांगणार? खोटं बोलायची सोय मी ठेवलेली नाही. म्हटलं, दहा-बारा वर्षं तरी.

सासऱ्यांनी दोघांकडे बघितलं, पाय माझ्या टेबलावर लांब केले आणि म्हणाले, "चालेल. आम्हाला कुठे घाई आहे?"